विंबर्लीचा निळा डोह

डोह हा शब्द मराठी माणसाच्या मनात एकटा कधीच येत नाही. त्याच्यामागून कालियाची कथा येते, ‘त्या बाजूला फिरकू नका’ हा आजीचा दम येतो, आणि पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललेल्या, नाकातोंडात पाणी गेल्याने कावऱ्याबावऱ्या झालेल्या मुलाचे चित्रही डोळ्यांपुढे उभे राहते. अमेरिकेतील पोहणे म्हटले म्हणजे मात्र आपल्याला निळ्या फरशांचा, औषधाच्या वासाचा चौकोनी हौद आठवतो. ही समजूत अगदीच खोटी आहे असे नाही. परंतु त्या देशातील लहान लहान गावांतून नदीओढ्यांचे नैसर्गिक डोह अजूनही आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तेथील मुले त्यांतच हातपाय मारावयास शिकली आहेत, आणि काही ठिकाणी तर गावाने असा डोह विकत घेऊन त्याच्याभोवती उद्यान केले आहे. संयुक्त संस्थानांपैकी टेक्सास ह्या प्रांतातील विंबर्ली नावाच्या गावचा डोह हा त्यांपैकीच एक. ‘ब्ल्यू होल’ म्हणजे निळा डोह, ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे. जवळच्या ऑस्टिन शहरात आज पुष्कळ मराठी कुटुंबे नांदत आहेत. तेव्हा मुलांकडे किंवा नातवंडांकडे गेलेल्या आपल्यापैकी कित्येकांना उन्हाळ्यातील एखाद्या दिवशी ‘चला, डोहावर जाऊ’ असे कोणी म्हणण्याचा संभव आहे. तेथे जाऊन काय पाहावे हे सांगावयाचेच आहे. परंतु त्या पाण्यात उतरण्यापूर्वी ते येते कोठून हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या डोहाचे अर्धे दर्शन अधिक घडते असे मला वाटते.

विंबर्ली हे गाव ऑस्टिनच्या नैर्ऋत्येस सुमारे चाळीस मैलांवर, हेज परगण्यात आहे. २०२० च्या खानेसुमारीप्रमाणे त्याची वस्ती तीन हजारांच्या आत भरली. मोटारीने दीड तासाच्या आत मनुष्य तेथे पोहोचतो. ऑस्टिन मागे पडले की सपाट प्रदेश संपून ठेंगण्या, गोलसर टेकड्यांचा मुलूख सुरू होतो. ह्या टेकड्यांवर माती थोडी आणि दगड फार. जूनिपरची काळपट हिरवी झाडे व बारमहा हिरवे राहणारे एका जातीचे ओक ह्यांखेरीज मोठा वृक्ष सहसा दिसत नाही. सोनेरी गालांचा एक चिमुकला पक्षी ह्याच मध्य टेक्सासात घरटे बांधतो, जगात अन्यत्र कोठेही नाही, आणि त्या घरट्यासाठी त्याला जुन्या जूनिपरच्या सालीच्या चिंध्याच लागतात. असा हा कोरडा, उन्हाने तापलेला मुलूख तुडवीत गेल्यावर रस्ता एकदम खाली उतरतो आणि उंचच उंच झाडांची एक हिरवी रांग दिसू लागते. ती रांग म्हणजे सायप्रस क्रीक हा ओढा. गावातच तो ब्लँको नदीला जाऊन मिळतो.

गावाचा जन्म ह्या ओढ्याच्या पाण्यातूनच झाला आहे, आणि हे अक्षरशः खरे आहे. १८५६ च्या सुमारास विंटर्स नावाच्या गृहस्थाने ओढ्याच्या पाण्यावर चालणारी एक गिरणी घातली. गिरणीभोवती वस्ती जमली व वस्तीला गिरणीचेच नाव पडले. गिरणी विकली गेली की गावाचे नावही बदले! १८७४ साली प्लेझंट विंबर्ली ह्याने ती विकत घेतली, पुढे १८८० मध्ये टपालकचेरी आली आणि नावाची ही फिरती एकदाची थांबली. त्या गिरणीत धान्य दळले जाई, लाकूड कापले जाई, कापूस पिंजला जाई, काकवीही होई. आपल्याकडे पाणचक्की म्हटली की औरंगाबादची आठवते. तेथेही दुरून नळाने आणलेले पाणी जाते फिरवीत असे. विंबर्लीच्या गिरणीचे चाक फिरावयाचे तर ओढा बारमाही वाहता असावा लागे. एवढ्या कोरड्या मुलखात तो बारमाही कसा, हा प्रश्न त्या काळी कोणाला फारसा पडला असेल असे दिसत नाही. पाणी होते, आणि ते पुरेसे होते.

आता डोहाकडे वळू. गावच्या दफनभूमीला लागून एक रस्ता आत जातो. तेथे मोटार ठेवून झाडीतून थोडे चालावे लागते. डोहाभोवतीची १२६ एकर जमीन पुष्कळ वर्षे खाजगी मालकीची होती. लोक पैसे देऊन तेथे तंबू ठोकीत व पोहत. पुढे ही जमीन घरे बांधण्यासाठी जाईल की काय अशी धास्ती निर्माण झाली, तेव्हा गावाने देणग्यांच्या व सरकारी साह्याच्या बळावर २००५ साली ती मिळविली. २०११ मध्ये तेथे सार्वजनिक उद्यान सुरू झाले. उद्यान म्हटल्यावर फुलांचे ताटवे आणि कारंजी शोधू नयेत. येथे पायवाटा आहेत, मुलांची खेळण्याची जागा आहे, वनभोजनाचे मांडव आहेत. बाकी जमीन जशी होती तशीच ठेवली आहे. छपरावर पडणारे पाणी साठविणे, मोटारी ठेवण्याच्या जागेवरून वाहणारे गढूळ पाणी ओढ्यात जाण्यापूर्वी गवताच्या चरांतून गाळून घेणे, अशा गोष्टींवर मात्र बराच खर्च झाला आहे. पाहुण्याच्या नजरेत न भरणारा हा खर्चच मला उद्यानाचे खरे वैभव वाटतो.

पाण्याशी पोहोचताच पहिल्याने लक्ष जाते ते झाडांकडे. दोन्ही काठांवर सायप्रसचे प्रचंड वृक्ष उभे आहेत. हा सूचिपर्णी जातीचा वृक्ष. पण त्याचे वैशिष्ट्य असे की शरद ऋतूत त्याची पाने तांबूस होऊन गळतात, म्हणून तेथे त्याला टकला सायप्रस म्हणतात. आपल्या ओढ्याकाठी जसे करंज, जांभूळ, उंबर पाय पाण्यात सोडून बसतात तसाच हा. त्याच्या मुळांचे जाळे काठाची माती धरून ठेवते, आणि त्यावर पाय देऊनच लोक पाण्यात उतरतात. फांद्यांना जाड दोर बांधलेले आहेत. दोर धरून काठावरून धाव घ्यावयाची, पाण्यावर झोका घ्यावयाचा आणि नेमक्या क्षणी हात सोडावयाचे, हा तेथील मुख्य खेळ. हात सोडण्याचा क्षण चुकलेल्याची फजिती पाहण्यासाठी दुसऱ्या काठच्या हिरवळीवर प्रेक्षक बसलेलेच असतात. ह्या बाबतीत विंबर्लीची मुले आणि विहिरीच्या थारोळ्यावरून मुटका मारणारी आपली मुले ह्यांच्यात काहीच भेद नाही.

भेद आहे तो नियमांत. पोहण्याचा हंगाम उन्हाळ्यापुरता असतो आणि त्यासाठी आगाऊ नोंदणी करून, पैसे भरून, सकाळची किंवा दुपारची ठरावीक वेळ घ्यावी लागते. एका वेळी ठरावीक माणसेच आत घेतात. मद्य आणि काचेची भांडी न्यावयाची नाहीत. ओढ्यावर जावयाचे आणि त्यासाठी तिकीट काढावयाचे, ही कल्पना आपल्याला प्रथम थोडी हास्यास्पद वाटते. परंतु डोह लहान आहे, आणि अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात ऑस्टिन व सॅन अँटोनियो अशी दोन अफाट शहरे आहेत. सुटीच्या दिवशी सर्वांनीच यावयाचे ठरविले तर काठाची माती पायांखाली तुटून पाण्यात जाईल, मुळे उघडी पडतील आणि दहा वर्षांत डोहाचे डबके होईल. मोठा पाऊस झाला की टेकड्यांवरची घाण ओढ्यात उतरते, पाण्यातील जंतूंचे प्रमाण वाढते व मग पोहणे बंद ठेवितात. पाणी तपासून मगच लोकांना आत सोडणे हा शिरस्ता आपल्याकडील तीर्थांच्या घाटांवरही यावा असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आणि मग पाण्यात पाय पडतो. बाहेर शंभर अंश फॅरनहाइटच्या वर ऊन तापलेले असते आणि पाणी असे गार की श्वास क्षणभर अडकावा. ह्या गारव्याचे कारण मोठे गमतीचे आहे. जमिनीत काही हात खोल गेले की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक पोहोचेनासा होतो; तेथील उष्णमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी उष्णमानाइतकेच असते. मध्य टेक्सासात ही सरासरी ६८ अंशांच्या, म्हणजे शतमानाच्या २० अंशांच्या आसपास पडते, आणि भूगर्भातून येणारे तेथील पाणी बाराही महिने तितकेच असते. आपल्या विहिरीचे पाणी वैशाखात थंडगार लागते आणि पौषातल्या पहाटे त्याच्यावर वाफ दिसते, ते ह्याच न्यायाने. पाणी बदलत नाही, बदलतो आपण. तथापि वीस अंशांचे पाणी काही विनोदाची वस्तू नव्हे. तापल्या अंगाने एकदम उडी घेतली तर धाप लागते आणि तोंडात पाणी जाते. वयस्क माणसांनी व हृदयाचा विकार असलेल्यांनी तरी हळूहळू उतरावे.

हा गारवा म्हणजेच त्या पाण्याच्या मूळस्थानाची खूण. ओढ्याचे पाणी जर केवळ टेकड्यांवरून वाहत आलेले पावसाचे पाणी असते, तर ते उन्हाने तापले असते आणि पावसाळा सरताच आटलेही असते. ओढ्याच्या कडेने वर काही मैल गेले की त्याचे उगमस्थान लागते. त्याला ‘जेकब्ज वेल’, म्हणजे याकोबाची विहीर म्हणतात. बायबलातील विहिरीवरून हे नाव पडले असे सांगतात. ती विहीर नव्हे, कोणी खोदलेली नाही. ओढ्याच्या खडकाळ तळाला पडलेले सुमारे १२ फूट रुंदीचे एक गोल भोक आहे. वरून पाहिले तर निवळशंख पाण्यात खडकाच्या भिंती उभ्या उतरत जातात आणि तीसएक फुटांनंतर नजर काळोखात बुडते. तेथून पुढे ती गुहा तिरकी होते, अरुंद होते, पुन्हा रुंदावते. प्रशिक्षित पाणबुड्यांनी आजवर सुमारे एक मैल लांबीच्या जलमय भुयारांचा नकाशा केला असून खोली एकशे तीस-चाळीस फुटांपर्यंत मोजली आहे. आत शिरलेले कित्येक हौशी पाणबुडे मात्र परत आले नाहीत. सुट्या खडीने भरलेल्या एका चिंचोळ्या वाटेत ते अडकले. म्हणून परवान्यावाचून आत बुडी घेण्यास तेथे मनाई आहे.

असे भोक आपल्याकडे का नाही, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर खडकात आहे. सह्याद्रीचा आणि देशावरचा काळा पाषाण लाव्ह्याचा. तो पाण्यात विरघळत नाही, झिजतो. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे लगेच ध्यानात येईल. भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी हजारो वर्षे घासून घासून तेथे दगडात रांजण कातले आहेत. टेक्सासच्या ह्या टेकड्या चुनखडीच्या. दहा कोटी वर्षांहूनही पूर्वी तेथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या शिंपल्यांचा व गाळाचा तो खडक. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कर्बवायू विरघळला म्हणजे त्याला किंचित आंबटपणा येतो, आणि असे पाणी चुनखडीला आतून खात जाते. भेगेची फट होते, फटीचे भुयार होते. सगळी टेकडी जणू पाणी धरून ठेवणारा दगडी स्पंज बनते. दूरच्या उंच भागावर मुरलेले पाणी ह्या भुयारांतून उताराकडे सरकते. काही जागी वरचा थर पाणी झिरपू न देणारा असतो, त्यामुळे खालचे पाणी नळातल्याप्रमाणे दाबाखाली असते. जेथे वरच्या थराला वाट सापडते तेथे ते आपोआप वर उसळते. याकोबाची विहीर ही अशीच एक वाट. पूर्वी पाणी इतक्या जोराने वर येई की आत उडी घेणाऱ्याला ते पुन्हा वर लोटीत असे, अशी आठवण तेथील जुनी माणसे सांगतात.

हा दाब कमी झाला तर? श्रोतेहो, ह्या गावची खरी कथा येथे सुरू होते. १९५० ते १९५७ ह्या काळात टेक्सासने असा दुष्काळ पाहिला की आजही त्या प्रांतात दुष्काळाचे माप त्यावरूनच घेतात. नद्या आटल्या, गुरे विकली गेली, शेतकरी गावे सोडून गेले. परंतु याकोबाची विहीर वाहत राहिली. २००० साली मात्र ती थांबली. माणसांच्या आठवणीत आणि नोंदींत प्रथमच. पुढे २००८ साली, नंतर २०११ आणि २०१३ मध्ये पुन्हा तसेच घडले. २०२२ च्या जूनमध्ये तेथील पोहणे बंद करण्यात आले, आणि २०२३ व २०२४ चे उन्हाळेही तसेच गेले. अवर्षण होतेच, हे खरे. पण सात वर्षांच्या महादुष्काळात जे पाणी तुटले नाही ते त्याहून कमी काळाच्या अवर्षणात तुटावे, ह्याचा अर्थ मधल्या पन्नास वर्षांत दुसरे काही तरी घडले असा होतो.

घडले ते असे. ऑस्टिन व सॅन अँटोनियो ही शहरे फुगली. त्यांच्या मधला हा टेकड्यांचा मुलूख सुंदर, हवा मोकळी, डोह निळा; तेव्हा लोक येथे राहावयास येऊ लागले. प्रत्येक नव्या वसाहतीला पाणी हवे आणि प्रत्येक बंगल्यापुढे हिरवळ हवी. ह्या पाण्यासाठी नळविहिरी खोदल्या गेल्या आणि त्या त्याच चुनखडीच्या थरात उतरल्या. एकाच रांजणाला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शंभर तोट्या बसवाव्यात आणि मग काठावरून पाणी का वाहत नाही म्हणून नवल करावे, तसा हा प्रकार. त्यातही दैवदुर्विलास असा की, ज्या डोहाच्या ओढीने माणसे येथे घर बांधावयास आली, त्याच डोहाच्या मुळाशी त्यांच्या नळविहिरी जाऊन पोहोचल्या. निळा डोह विहिरीसारखा तत्काळ कोरडा पडत नाही. तो खोल आहे. पण वरचा झरा मंदावला की त्यातले पाणी संथ होते, संथ पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात शेवाळ व जंतू माजतात. गावाने डोह विकत घेतला, काठ विकत घेतले, १२६ एकर जमीन राखली. परंतु डोहातले पाणी काही त्या १२६ एकरांत तयार होत नव्हते. ते दुसऱ्यांच्या जमिनींखालून येत होते, आणि त्या जमिनींखालचे पाणी कायद्याने त्या दुसऱ्यांचे होते.

ह्या कायद्याची हकीकत आपल्यालाही जवळची आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. उत्तर टेक्सासमधील डेनिसन गावी ईस्ट नावाच्या गृहस्थाच्या घरी ५ फूट रुंद आणि ३३ फूट खोल अशी साधी विहीर होती. १९०१ साली रेल्वे कंपनीने जवळच आपल्या जागेत २० फूट रुंद व ६६ फूट खोल विहीर खोदून इंजिनांसाठी व कारखान्यासाठी रोज २५,००० गॅलन पाणी उपसण्यास प्रारंभ केला. ईस्टची विहीर आटली. तो कोर्टात गेला. १९०४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आपल्या जमिनीखालील पाणी मालकाने हवे तितके उपसावे. त्यापायी शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली तरी भरपाई मागता येत नाही. ह्या निकालाला दिलेले एक कारण फार बोलके आहे. जमिनीखालचे पाणी कोठून येते, कोठे जाते, हे इतके गूढ आहे की त्याविषयी नियम करणे जवळजवळ अशक्यच, असे न्यायाधीशांना वाटले. ज्या इंग्रजी निवाड्याचा त्यांनी आधार घेतला तो १८४३ सालचा होता. तेथेही कोळशाच्या खाणीमुळे कापसाच्या गिरणीची विहीर आटली होती आणि गिरणीवाला हरला होता.

तोच इंग्रजी विचार आपल्याकडे १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातून आला. निश्चित प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरण्याचा जमीनमालकाचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडक फोडणारी यंत्रे गावोगाव आली, आणि ह्या हक्काला धार चढली. हाताने खणलेल्या विहिरीचा उपसा मोटेच्या बैलांना झेपेल तेवढाच. नळविहिरीला तशी मर्यादा नाही. ‘माझी नळविहीर लागली आणि शेजाऱ्याची आटली’ ही तक्रार मराठवाड्यातल्या किंवा नगरकडच्या कोणत्याही चावडीवर ऐकावयास मिळेल. महाराष्ट्राने १९९३ साली कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास बंधन घातले, आणि पुढे २००९ साली भूजलासाठी अधिक व्यापक कायदा केला. कायदा कागदावरून शिवारात किती उतरला हा निराळा विषय आहे, आणि त्यात मी आज शिरत नाही.

विंबर्लीत काय झाले? परगण्याने याकोबाच्या विहिरीभोवतीची ८१ एकर जमीन टप्प्याटप्प्याने घेऊन राखीव केली. तेथील भूजल मंडळाने २०२० मध्ये विहिरीभोवती एक विशेष क्षेत्र आखले. झऱ्याचा प्रवाह जसजसा घटेल तसतसा परवानेधारकांनी उपसा कमी करावा, आणि नव्या मोठ्या विहिरींना त्या क्षेत्रात आवर घालावा, असा त्याचा आशय. १९०४ च्या न्यायाधीशांना जे गूढ वाटले ते येथे मोजमापाने उकलले आहे. कोणत्या थरातले पाणी कोणत्या फटीने झऱ्याकडे जाते हे भूशास्त्रज्ञांनी बऱ्याच अंशी दाखवून दिले आहे, आणि त्यावरच हे क्षेत्र आखले गेले. परंतु घरगुती विहिरींना परवाना लागत नाही, आणि मुलखात घरे तर वाढतच आहेत. शिवाय २०१२ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, जमिनीखालचे पाणी ही मालकाची मालमत्ता असून निर्बंध फार कडक झाल्यास भरपाई द्यावी लागू शकेल असे ठरविले. त्यामुळे मंडळाचा हात मोकळा नाही. तेव्हा नियम आले तरी झरा परतला नाही, आणि ह्याचे नवल वाटावयास नको. उपशाची घडी पन्नास वर्षांत बसली, ती मोडण्यास पाच वर्षे अपुरीच पडणार.

मोठा पाऊस पडला म्हणजे सगळे भरून निघेल, अशी एक भाबडी आशा तेथेही ऐकू येते. २३ मे २०१५ च्या रात्री त्या मुलखात असा पाऊस पडला की विंबर्लीजवळ ब्लँको नदी काही तासांत चाळीस फुटांवर चढली. घरे वाहून गेली, माणसे दगावली, आणि शेकडो वर्षांचे सायप्रस मुळांसकट उपटले गेले किंवा सालटी सोलल्यासारखे उघडे पडले. मातीचा थर पातळ, उतार तीव्र. असे पाणी मुरण्यासाठी थांबत नाही, धावत सुटते. झऱ्याला लागतो तो रिमझिम, दिवसेंदिवस पडणारा पाऊस, आणि त्याला थोपवून धरणारे गवत. आपल्या पाणलोटाच्या कामात समतल चर खणणाऱ्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

जावयाचे ठरविल्यास एका दिवसात दोन्ही स्थळे सहज होतात. सकाळी प्रथम याकोबाच्या विहिरीकडे जावे. पोहणे बंद असलेल्या काळातही पायवाटेने खाली उतरून ती पाहता आली आहे. पायऱ्या उतरून खडकावर उभे राहिले की पाणी निश्चल आहे की त्याच्या पृष्ठावर मंद लहर उठते आहे, एवढेच पाहावे. ती लहर म्हणजे झरा जिवंत असल्याची खूण. तिथून गावात यावे, चौकातल्या दुकानांत फार वेळ न दवडता काही खाऊन घ्यावे आणि नोंदलेल्या वेळी निळ्या डोहावर पोहोचावे. पायांत पकड घेणारी वहाण असू द्यावी, कारण सायप्रसची ओली मुळे फार निसरडी असतात. लहान मुलांना दोरावर सोडण्यापूर्वी पाण्याची त्या दिवसाची खोली तेथील माणसांना विचारून घ्यावी. ओढ्याची पातळी दर आठवड्याला सारखी नसते. आणि घरून निघण्यापूर्वीच करण्याजोगी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या भूगर्भ-संशोधन खात्याने २००५ पासून याकोबाच्या विहिरीवर प्रवाह मोजण्याचे यंत्र बसविले आहे, आणि त्याचा आकडा कोणालाही घरबसल्या पाहता येतो. तो शून्य असेल, तर त्या दिवशी डोहात उतरताना पाणी नेहमीइतके गार का लागले नाही, हे आपणांस कोणाला विचारावे लागणार नाही.